शेवाळाची फुशारकी

बढाया मारायला सलूनवाल्याला कारण लागत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत अडकलेलं असलं की पुरे. त्यात त्याच्या स्वतःच्या रक्तातली चरबी उतरली, मग काय विचारता! वाळवलेलं समुद्री शेवाळ तो रोज सूपमध्ये घालून खात होता. "शेवाळाचा थोडा हातभार असेलही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण खरं काम गोळीचं. ती सोडायची नाही." त्यानं सोडलीही नाही. जेवण झालं की मुकाट्यानं गिळायचा. दुकानात मात्र कात्री नाचवत सांगायचा, "गोळ्या? केव्हाच कचऱ्यात टाकल्या!" गोळीचं नाव काढलं असतं तर किश्श्याची मजाच गेली असती.

शेजारच्या दुकानातला टेलर त्याचा जिवलग दोस्त. त्याचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं, गोळी चालू. त्यानं हे सगळं खरं मानलं, शेवाळ आणलं आणि आपल्या गोळ्या खरोखरच कचऱ्यात टाकल्या. पुढे एका दुपारी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली.

जीव वाचला. दोस्ताची दाढी करायला सलूनवाला सामान घेऊन हॉस्पिटलात गेला खरा, पण नजरेला नजर देण्याची हिंमत होईना. त्यानं खाली बघतच फेस लावला, एक गाल साफ केला.

"माझंच चुकलं बघ," टेलर म्हणाला. "वास सहन होईना म्हणून मी मधे मधे शेवाळ चुकवलं. आता घरी गेलो की नेमानं खातो. या गोळ्या हव्यात कशाला? तू नाहीस का ठणठणीत!"

सलूनवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसावं तर अब्रू वाचत होती, पण दोस्त हातचा जात होता.

"मी गोळी कधीच सोडली नाही रे," तो पुटपुटला. "रोज घेतो. दुकानात नुसत्या थापा मारत होतो. लाज वाटते मला."

 टेलरनं उशाजवळचा टॉवेल ओढून दुसऱ्या गालावरचा फेस स्वतःच पुसला.

"अजून अर्धी राहिलीय," सलूनवाला कसाबसा म्हणाला.

"राहू दे."

तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली. टेलरनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला आणि दोस्ताकडे वळून तोंड उघडून दाखवलं.

"नीट बघून घे," तो म्हणाला. "मी खरंच घेतलीय."