बेचाळिसावी खुर्ची

आधीच सांगते, मी कॉमर्सची मुलगी आहे. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी रात्री जेवताना वाचते ते हसायला. कोणाला पांढरी बाई दिसते, कोणाला हाका ऐकू येतात... आणि मी मनात म्हणते, व्हाउचर कुठाय? त्यामुळे पुढचं वाचून कोणी मला हसलं तर माझी तक्रार नाही. माझ्यावर ती पाळी आली, एवढंच.

मी रत्नागिरीचीच. टी.वाय.ला आहे. कॉलेजला क्रेडिटसाठी दोन महिन्यांची इंटर्नशिप लागते, म्हणून या मे महिन्यात एका सीए सरांच्या ऑफिसात चिकटले. सर शिस्तीचे. त्यांचं एकच वाक्य — बघितल्याशिवाय टिक नाही. हे वाक्य ते दिवसातून पाच वेळा म्हणायचे, आणि मी पाचही वेळा मान डोलवायचे.

आणि तरी मी माती खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात एका पतसंस्थेत वस्तूंची पडताळणी होती. यादीत ‘गच्चीवरची पाण्याची मोटर’ असं होतं. बाहेर ऊन असं की डांबर विरघळेल. मी म्हटलं मोटर काय पळून जातेय, आणि खाली पंख्याखाली बसून टिक केली. मोटर खरंच पळून गेली होती. दोन वर्षांपूर्वीच भंगारात विकलेली. सरांनी ओरडा केला नाही, ते परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, “अजून एक काम देतो. त्यातही न बघता लिहिलंस तर इंटर्नशिपच्या लेटरवर माझी सही मिळणार नाही.” लेटर नाही म्हणजे क्रेडिट नाही, आणि क्रेडिट नाही म्हणजे वर्ष लटकलं. घरी बाबांना तर मी सांगून बसले होते की सर माझ्या कामावर खूश आहेत.

ते ‘अजून एक काम’ म्हणजे पावस गावच्या रस्त्याला असलेली आंब्याच्या पल्पची फॅक्टरी. सर बाकी सगळ्या क्लायंटकडे स्वतः एक चक्कर मारतात. इथे मात्र कधीच नाही. म्हणे त्या रस्त्याने त्यांची कंबर धरते. मला तेव्हा ते खरंच वाटलं.

फॅक्टरी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर आहे. भोवती जांभ्या दगडांचा गडगा, आत पत्र्याची शेड आणि अंगणात एक भलामोठा फणस. सीझन जोरात, चाळीसच्या वर बायका आंबे सोलायला. त्यांची मुख्य शेवंतामावशी, सगळ्यांत जुनी. मॅनेजरने मला यादी दिली आणि मावशीच्या स्वाधीन करून तो फोनवर बोलत निघून गेला तो गेलाच.

मी यावेळी कशालाच सूट दिली नाही. मशिनं, पंखे, वजनकाटे, टेबलं, सगळ्यांवर नंबराचं स्टिकर लावायचं, फोटो काढायचा, मगच टिक. मग आल्या खुर्च्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या, सगळ्या सारख्या. यादीत एक्केचाळीस, बिलंही एक्केचाळीसचीच. मी मोजल्या तर बेचाळीस.

परत मोजल्या, बेचाळीसच. शेडमध्ये एक्केचाळीस, आणि एक बाहेर फणसाखाली, फाटकाकडे तोंड करून. तिच्यावर कोणी बसत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत एक खुर्ची कमी पडली तर बाई उपड्या पाटीवर बसली, पण तिकडे गेली नाही. खुर्चीवर एक हापूस ठेवलेला. मी तो बाजूला केला, मागच्या बाजूला ४२ नंबरचं स्टिकर लावलं, फोटो काढला आणि हापूस परत ठेवला. म्हणजे मी काही अगदीच उद्धट नव्हते.

मावशी दारातून बघत होती. म्हणाली, ती राखणदाराची, ही जागा राखणाऱ्या देवाची आहे, तिला चिकटवू नको काही. मी म्हटलं मावशी, राखणदार तुमचा, खुर्ची कंपनीची. त्यावर ती हसली. चांगलं हसली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी राहिलेलं काम करायला गेले तर फणसाखालच्या खुर्चीवर स्टिकर नाही. उन्हाने गळलं असेल म्हणून मी शोधलं. नाही मिळालं. मग दुपारी निघताना ॲक्टिवाची डिकी उघडली, हेल्मेट काढलं... आणि हेल्मेटच्या आत, जिथे कपाळ टेकतं तिथे, ४२. डिकीची चावी पूर्ण वेळ माझ्या गळ्यात होती. मी स्वतःलाच समजावलं की बायकांनी चेष्टा केली. फक्त कशी केली ते समजावता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी चिडले होते. तेच स्टिकर नेऊन फेविक्विकने चिकटवलं, वर पारदर्शक टेप मारली, फोटो काढला, आणि तिथेच समोर पायरीवर बसून राहिले. दीड तास नजर हलवली नाही. कोणी जवळ आलं नाही. एकच्या सुट्टीत तिथेच बसून डबा उघडला. झाकणाला आतून, पोळीच्या वाफेने ओलं झालेलं, ४२. समोर खुर्ची कोरी. टेपसुद्धा नाही.

मी सरळ सांगते, मी डबा तसाच बंद केला. पोळी खाल्ली नाही.

मावशी पाणी घेऊन आली आणि शेजारी बसली. “बाय, दरवर्षी एक पोर येतंय तुझ्या सायबाकडनं. दरवर्षी असंच व्हतंय. मग ती एक्केचाळीस लिवतात नि घरला जातात. तू पण लिव. कोण इचारत नाय.”

खरं सांगू? मी पेन काढलं होतं. एक्केचाळीस लिहिलं की सगळं जुळत होतं. यादी जुळते, बिलं जुळतात, सर सही करतात, बाबा खूश. बेचाळीस लिहायचं तर सांगायचं काय? एकदा खोटं लिहिताना पकडली गेलेली मुलगी आता भुताची खुर्ची घेऊन आली म्हणतील. पण ती गच्चीवरची मोटर काही डोळ्यांपुढून हलेना. मी मावशीला म्हटलं, मला दिसली आहे ती खुर्ची. आता मी नाही कशी लिहू?

मावशीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग उठली, नारळ आणला, सगळ्या बायकांना हाक मारली, आणि हातावर आंब्याचा रस तसाच असताना फणसापुढे उभी राहून गाऱ्हाणं घातलं.

“हे म्हाराजा, ही पोर शिकाऊ हाय. तुझ्या खुर्चीवर तिचा डोळा नाय. सायबानं धाडली म्हणून आली. तुला न इचारता नंबर लावलान, ती चूक पदरात घे. ती तुला मोजतेय तर मोजू दे. आणि तिच्या सायबाला जरा बुद्धी दे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळ्या बायका म्हणाल्या. सायबाच्या वाक्याला आवाज जरा जास्तच होता. मीही म्हटलं, हळूच.

मी रिपोर्टात लिहिलं: ‘खुर्च्या — नोंद ४१, प्रत्यक्ष ४२. एका खुर्चीवर स्टिकर टिकत नाही. कारण समजले नाही.’ डब्यातलं ते स्टिकर शेवटच्या पानाला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर फाईल ठेवून उभी राहिले.

सरांनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. पण ते उठले आणि सगळ्यात वरच्या कप्प्यातून एक जुनी, वाळवीने कुरतडलेली फाईल काढली. त्याच फॅक्टरीची, त्यांच्या स्वतःच्या शिकाऊ दिवसांतली. तेव्हा प्लास्टिकच्या नव्हत्या, लोखंडी घडीच्या खुर्च्या होत्या. सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘खुर्च्या ४१, जुळल्या.’ पुढे ठसठशीत टिक. आणि पान उलटलं तर मागे एक पिवळं पडलेलं, हाताने लिहिलेलं लेबल. ४२.

“माझ्या डब्यात निघालं होतं,” सर म्हणाले. “भाताखाली.”

एवढी वर्षं, इतकी मुलं, इतकी ‘एक्केचाळीस’... आणि दिवसातून पाच वेळा ते वाक्य. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती. कंबर धरते म्हणे.

सरांनी माझ्या लेटरवर सही केली. खाली पेनने एक ओळ लिहिली: ‘ही मुलगी दिसेल तेच लिहिते.’ मी ते वाचलं आणि तिथेच रडले. बाबांना मी जे सांगून बसले होते, ते आता खरं झालं.

लोखंडी खुर्च्या भंगारात गेल्या, नव्या एक्केचाळीसच आल्या, मग जास्तीची कुठून आली, हे मॅनेजरला माहीत नाही, मावशीला विचारावंसं वाटत नाही आणि मला कळत नाही. माझ्या मोबाईलमध्ये स्टिकर लावलेल्या खुर्चीचे दोन्ही फोटो आहेत. माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे का, तेही मी सांगू शकत नाही.

पण परवा सर इतक्या वर्षांनी स्वतः त्या फॅक्टरीत गेले, नारळ घेऊन. तिथून मला फोन केला. मागे बायकांचं हसू. मग म्हणाले, “बेचाळीस आहेत गं.”