ओलं लाकूड

जर्मनीत, येनाजवळच्या एका खेड्यात आम्ही जुनं घर घेतलं. बाहेरच्या खोलीतली एक भिंत वाजवली की पोकळ आवाज यायचा. प्लास्टर फोडलं तर आत विटांची फायरप्लेस निघाली, कुणीतरी कधीकाळी बुजवून टाकलेली. नवरा म्हणाला, "राहू दे बंद, उगाच घाण." मी म्हटलं, घाण मी काढते, तू फक्त नाही म्हणू नकोस. तो नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नाही, तेच तर दुखणं आहे.

अख्खा उन्हाळा मी त्या विटांत घातला. लॅबमधून आले की जुनी पँट चढवायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि तारेच्या ब्रशनं काजळी खरवडायची. सांध्यांतला भुसभुशीत चुना कोरून काढला, नवा भरला. पोळ्या लाटताना मनगटं ठणकायची. धुराड्यात स्टीलचा पाइप सोडायला मात्र माणूस बोलावला. नवरा अधूनमधून यायचा, लेव्हल लावून बघायचा आणि "ही वीट जरा पुढे आलीये" म्हणायचा. मला बरं वाटायचं. म्हटलं, लागतोय हळूहळू याचाही जीव इथे.

फायरप्लेसमध्ये बसवायचा लाकडाचा स्टोव्ह घ्यायला गेलो तेव्हा काळा की करडा यावर पठ्ठ्या दुकानात किती वेळ वाद घालत बसला. शेवटी त्याच्या पसंतीचा काळा घेतला. लाकडाच्या बाबतीत मात्र तो अडून बसला. गावातला लाकूडवाला ताजं, ओलं लाकूड स्वस्तात द्यायचा, पण ते दोन उन्हाळे वाळवल्याशिवाय जाळता येत नाही. गावात घरोघरी भिंतीला लागून अशा राशी रचलेल्या. मलाही तशी हवी होती. तो म्हणाला, "कशाला? वाळलेलं घेऊ थोडं, यंदापुरतं." एवढा चिक्कू माणूस महाग लाकूड घ्यायला निघाला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

ऑक्टोबरात धुराडी तपासणारा शोर्नस्टाइनफेगर आला. आरसा धरून त्यानं आत पाहिलं, "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हणाला आणि स्टोव्ह पेटवायला परवानगी दिली. त्या रविवारी मी कौतुकानं सासूबाईंना फोन केला.

त्या हसल्या. "तिकडे जाऊन शेवटी चूलच मांडलीस की! आणि एवढं करून मार्चमध्ये सोडून यायची. बरं, तुमची वरची खोली रंगवून झाली. पडदे कुठल्या रंगाचे शिवायला टाकू?"

"तुम्हाला आवडतील ते टाका, आई," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा स्वयंपाकघरात चहा गाळत होता. मी विचारलं, "मार्चमध्ये काय आहे?"

"आल्झो... म्हणजे..." त्यानं गाळणं खाली ठेवलं. "सांगणारच होतो. तू इतकी खूश होतीस त्या कामात, म्हटलं होऊ दे पूर्ण."

पुण्याच्या कंपनीला त्यानं मे महिन्यातच होकार कळवला होता. म्हणजे मी पहिली वीट घासायच्याही आधी.

"आणि माझी नोकरी?"

"तुला काय, तिकडे सहज मिळेल."

"मग लेव्हल कशाला लावत होतास?"

"अगं, फायरप्लेस नीट असली की घर पटकन विकलं जातं," तो म्हणाला. अगदी समजावणीच्या सुरात.

चांगला केसानं गळा कापला माझा. समोर येऊन भांडला असता तर मीही भांडले असते, रडले असते, कोण जाणे, गेलेही असते. पण मी इथे काजळी खातेय आणि तिकडे सासूबाईंना ठाऊक, दिराला ठाऊक, रंगाऱ्याला ठाऊक. घरात राहणारी बाई तेवढी सोडून सगळ्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी लाकूडवाल्याला फोन केला. त्यानं शनिवारी ट्रॉली आणून अंगणात ओतली. आवाज ऐकून नवरा बाहेर आला. एक ओंडका उचलून बघितला.

"हे ओलं आहे."

"हो," मी म्हटलं. "दोन उन्हाळे लागतील."

मी हातमोजे घातले आणि भिंतीशी रचायला लागले. तो हातातला ओंडका खाली ठेवून आत गेला.

मार्चमध्ये तो गेला. लाकूड अजून ओलंच होतं.