साठ पाउंड
धनुष्याच्या दोरीला लावायच्या मेणाचा वास आला की नोव्हाय या अमेरिकन गावाजवळचं शिकारीच्या सामानाचं एक दुकान आठवतं. हरणाच्या शिकारीचा माझा पहिलाच सीझन होता आणि मला त्यात ओढणारा, ऑफिसमधला नागपूरचा मित्र शेजारी उभा होता. मला मेकॅनिकल ब्रॉडहेड हवे होते. बाणाच्या या टोकाची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागताक्षणी उघडतात. जखम रुंद होते, पण पाती उघडण्यातच बराच जोर खर्च होतो. म्हणून काउंटरवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "धनुष्य किती पाउंडांचं ओढतोस?" दोरी ओढायला लागणारा जोर पाउंडांत मोजतात; जितके पाउंड जास्त, तितका बाण जोरात. मी पंचेचाळीसचं ओढायचो. मित्रासमोर साठ म्हणालो. "मग चालेल," म्हणत त्याने पाकीट पुढे सरकवलं. आठवड्याने एका हरिणीला माझा बाण लागला, पण खोल गेलाच नाही, आणि ती तो घेऊनच पळाली. अंधार पडेपर्यंत आम्ही पाचोळ्यात रक्ताचे थेंब शोधत गेलो, मग थेंबही दिसेनात. "ही टोकंच बेकार यार," मित्र म्हणाला. मी मान डोलावली. हल्ली मी न मिटणारी साधी पाती वापरतो. का, असं कुणी विचारलं तर मित्रच परस्पर त्या टोकांना शिव्या घालतो, आणि मी अजूनही मान डोलावतो.