विळीवरची कुकडी

ठण्ण. माझ्या बापाच्या ऐरणीवरचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. लोखंडाचे थर एकजीव झाले की ते असं बोलतं. आत फट राहिली की नुसतं भद्द वाजतं. "डोळं फसत्यात, आवाज फसवत न्हाई," बाप म्हणायचा. एवढं ठाऊक असून मी काय केलं, ते सांगायची लाज वाटते. पण चहा होईपर्यंत ऐका.

आम्ही बोरीचे लोहार. गावभर कोयते माझे, आणि माझ्याच घरात विळी ओतूरच्या बाजारातली. बायको, सरू, लग्नापासून एकच मागत आली, "तुमच्या हातची विळी द्या." म्हातारपणी म्हटलं, द्यायची तर थरावर थर जोडून लाटा उमटवलेल्या, नक्षीच्या पोलादाचीच.

ट्रकच्या कमानपाट्याच्या आणि करवतीच्या पट्ट्या एकाआड एक रचल्या, थर जुळायला टाकणखार टाकला, भट्टीत पिवळ्याधमक केल्या. तेवढ्यात शेजारचा पांडू आला. त्याला समजावण्यात लोखंड निवून तांबडं पडलं, आणि तांबड्यावर थर जुळत नाहीत. पुन्हा तापवायला हवं होतं. पण बघणारा समोर असला की हात थांबतो का? ठोकतच राहिलो.

घासून तेजाबात बुडवल्यावर पात्यावर लाटा उमटल्या. मधोमध एक काळी रेघ. बापाने ती बघून माझी पाठ फोडली असती.

"आण्णा, ही रेघ कशाची?" पांडूने विचारलं.

"आपली कुकडी नदी हाय ती," मी म्हणालो.

"लई भारी. वळण पन आपल्या बोरीचंच."

खोटं माझं, पण संध्याकाळपर्यंत मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी पांडू चौघांना घेऊन आला. एकाने पात्यावरच्या त्या नदीवर धरणसुद्धा शोधलं. सरूने बाहेर येऊन पात्यावर पळी हाणली. भद्द.

"अवं, आवाज ऐकला का?"

"नदी हाय ती. घुंगरावानी वाजंल व्हय?" मी म्हणालो.

ती आत गेली आणि लाल भोपळा घेऊन आली. अख्ख्या भोपळ्याला पहिला काप आमच्यात पुरुषानेच द्यायचा.

"घ्या, तुमीच चिरा," ती म्हणाली.

मी जोर दिला. कर्र. भोपळा शाबूत, आणि पातं रेघेवरून उभं उकललं, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं.

मग पांडू हळूच म्हणाला, "आण्णा, कुकडीला पूर आला."

सरूने ओतूरची विळी आणून माझ्यापुढे ठेवली. मी मान खाली घालून भोपळा चिरला. तिने दोन्ही फाकी उचलल्या, माझ्या हातची ती फुटकी विळी काखेत मारली आणि आत गेली.