वाट अडवून बसलेला अण्णा

भूतबीत असलं काही मी मानत नाही, आधीच सांगतो. अंगात येणं, उतारे टाकणं... या सगळ्याला मी जन्मभर हसत आलोय. आत्ता हे लिहितोय ते जावयामुळं. तो विमानतळावरच्या दुकानांच्या जागा ठरवतो. माणसं कुठून कशी चालतात ते आधी बघायचं, मग दुकान मांडायचं, असं परवा सांगत होता. म्हटलं, अरे बाबा, आमच्या अण्णाला हे निपाणी स्टँडवर कुणी न शिकवताच कळलं होतं!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अण्णा माझा थोरला भाऊ. स्टँडवर आमचं चिवडा-फुटाण्याचं दुकान. गाडीतून उतरलेला माणूस तरातरा गेटकडे निघायचा, दुकानाकडे ढुंकून बघायचा नाही. म्हणून अण्णा स्टूल टाकून वाटेच्या बरोबर मधोमध बसायचा. माणसं त्याला वळसा घालायची आणि आपसूक आमच्या फळीपाशी यायची. स्टँडचा कंट्रोलर ओरडायचा, "अण्णा, उठा की तिथनं!"

"उठलो तर खायाचं काय?" अण्णा म्हणायचा.

मग अण्णा हार्ट अटॅकनं गेला. स्टूल मी आत घेतलं, मला काय तिथं बसवेना. आता गर्दी सरळ जाणार, धंदा बसणार, असंच धरून चाललो होतो. खरं सांगू? मला ते हवंच होतं. पहाटेपासून उभं राहून पाय भरून यायचे. गावी येळ्ळूरला जावं, शेत बघावं, एवढंच मनात. वहिनी तेवढी ऐकेना. "दुकान सोडू नका भावजी, एवढं ऐका माझं."

पण गर्दी सरळ गेलीच नाही. भर दुपारी, लख्ख उजेडात, त्या मोकळ्या जागेला माणसं वळसा घालत होती. रोज! फरशी धुऊन बघितली – खड्डा नाही, ओल नाही. स्वतः तिथं उभा राहिलो... काही नाही. आणि ही सगळी परगावची माणसं, अण्णाला कधी न पाहिलेली. एक म्हातारी तर डोक्यावरचं गाठोडं सावरत म्हणाली, "जरा सरकून बस की रं बाबा!" समोर कुणीच नव्हतं. माझ्या हातातला चिवडा सांडला.

धंदा चालला आणि मी अडकलो. शेवटी एका दुपारी वैतागून त्या जागेपाशी गेलो आणि बोललोच – "अण्णा, ऊठ आता. मेल्यावर तरी सोड की मला. लई दमलोय रं." बोलता बोलता रडूच आलं.

कोल्हापूरची गाडी लागली. माणसं उतरली आणि सरळ निघून गेली. एकही वळला नाही.

थोड्या वेळानं वहिनी डबा घेऊन आली. रोज यायची, फळीपाशी घटकाभर बसायची. त्या दिवशी मात्र गर्दीकडं बघत उभीच राहिली. या प्रकाराबद्दल मी तिला कधी चकार शब्द बोललो नव्हतो, तिनंही नाही.

"भावजी," ती म्हणाली, "आज बसलं न्हाईत व्हय हे?"

पुढं दुकान सोडलं. माणसं का वळत होती, का थांबली, ते आजही मला सांगता येत नाही. त्या दिवशी वहिनीनं डबा ठेवला, पदर सारखा केला आणि घरी निघाली... त्या जागेला वळसा घालून.