चौथ्या भागापर्यंत कळ काढा

"सर, ती मालिका बघावी का?" असं हल्ली मला लोक विचारतात. हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्यायचं असतं. पण मी तोंड उघडलं की एक किस्सा बाहेर येतो, त्याच्या मागून दुसरा. शाळेतली चार माणसं सलग सात रविवार एका टीव्हीसमोर बसली की किस्से साठणारच. फळ्याखाली खडूची भुकटी साठते तसे. मुद्दाम कुणी टाकत नाही.

मालिकेचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, "हां, बघितलीय," आणि माझा किस्सा जागच्या जागी मरतो. अमेरिकेतली जुनी, घोडे आणि बंदुकांची गोष्ट आहे एवढं पुरे. डोंगरातलं एक गाव. तिथं कायदा नाही, फौजदार नाही आणि ज्याला तोंड आहे तो शिव्या देतो.

आता माणसं सांगतो. आमचे भोईर सर खेळाचे शिक्षक. मैदानावर ते 'सावधान' म्हणाले की शाळेबाहेर कडावच्या नाक्यावरचा रिक्षावाला पाठ सरळ करून बसायचा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण ओठांवर यायचं ते फक्त "अं". डॉक्टर म्हणाले, "माणसांत ठेवा. बोलणं परत येईलही, कदाचित नाहीही."

मग ठरलं, की दर रविवारी सकाळी दहाला पळसदरीला भोईर सरांच्या घरी जमायचं. जमणारे तिघं. मराठीच्या घारे बाई, ज्यांना विद्यार्थी घाबरतात आणि आम्हीही. शाळेचे शिपाई निरगुडे मामा, डोंगराखालच्या ठाकूरवाडीतले. आणि मी, इंग्रजीचा.

पहिल्या रविवारी आम्ही गप्पा मारल्या. दुसऱ्या रविवारी बाईंनी वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचला. भोईर सरांनी डोळे मिटले ते अग्रलेख संपल्यावरच उघडले. तेव्हा माझ्या पुण्याच्या पुतण्याने फोनवर ही मालिका सुचवली. "काका, सुरुवात स्लो आहे. तीन भाग कळ काढा. चौथ्यापासून पकड घेते."

* * *

पहिल्या भागात चिखल होता.

म्हणजे चिखलच होता. चिखलातून एक माणूस आला. चिखलातून दुसरा आला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग पहिला चिखलातून परत गेला.

"पाऊण तास झाला," घारे बाई म्हणाल्या, "अजून चिखलच चाललाय."

निरगुडे मामा मात्र पुढे वाकून लक्ष देऊन बघत होते. त्यांची वाडीखाली भातशेती आहे. शेवटी ते समाधानाने मागे टेकले.

"चिखलणी बाकी झ्याक केलीय," म्हणाले. "लावणी कदी करतात?"

* * *

सबटायटल्स इंग्रजीत. त्यामुळे भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. मी रिमोटने चित्र थांबवायचो, भाषांतर सांगायचो आणि पुन्हा सुरू करायचो. म्हणूनच एका रविवारी एकच भाग व्हायचा.

त्या गावात एक तबेलेवाला होता. एक डोळा अधू, दाढी छातीपर्यंत. त्याने एका गिऱ्हाइकाला पहिली शिवी दिली. घारे बाई शेजारी बसलेल्या. सुलभावहिनी, म्हणजे भोईर सरांच्या पत्नी, चहा घेऊन दारात उभ्या.

मी चित्र थांबवून म्हणालो, "तो नाराज आहे."

दुसऱ्या शिवीला म्हणालो, "तो फारच नाराज आहे."

मग तबेलेवाल्याने एक मोठं वाक्य टाकलं. जवळजवळ अर्धा मिनिट चाललं. त्यात गिऱ्हाइकाची आई, बहीण, घोडा आणि धर्म हे सगळं आलं. मी चित्र थांबवलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "त्याची नाराजी अजून गेलेली नाही."

मामा म्हणाले, "सर, येवडं लांब बोलला तो. आनि निस्ता नाराजच हाय?"

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"सर, भाषांतरात आशय पोचला पाहिजे," म्हणाल्या. "नाहीतर मी सांगू का? मला इंग्रजी वाचता येतं."

त्यानंतर आशय पोचू लागला. पुढच्या रविवारी बाई वही घेऊन आल्या. तिसऱ्या भागाच्या शेवटी त्यांनी वहीत बघून निर्णय दिला, "या माणसाच्या वाक्यात कर्ता शिवी, कर्म शिवी आणि क्रियापदही शिवी. पण व्याकरणाची एक चूक नाही. आमच्या दहावीच्या मुलांना हे जमत नाही!"

* * *

निरगुडे मामा तरुणपणी माथेरानला घोडे धरायचे. त्यामुळे पडद्यावरची माणसं त्यांना दिसायचीच नाहीत, घोडे दिसायचे.

दुसऱ्या भागात एक तपकिरी घोडा गोळी लागून मेला. तिसऱ्या भागात मामा एकदम उठून टीव्हीजवळ गेले.

"सर, थांबवा, थांबवा. ह्यो घोडा मेलता ना?"

"तो दुसरा असेल, मामा."

"दुसरा कसला? कपाळावर पांडरा ठिपका बघा. आनि मागला डावा पाय टाकतो कसा, तो बघा. ह्यो मेलता. मागल्या रविवारी."

तो घोडा त्याच भागात पुन्हा मेला. यावेळी दरीत पडून.

घारे बाई वैतागल्या. "मामा, घोडा सोडा. कथेकडे लक्ष द्या."

"बाई," मामा म्हणाले, "आतापतुर कथेत तेवडंच तर झालंय!"

* * *

तिसरा भाग संपल्यावर मतदान घ्यायचं ठरलं. मालिका धरायची की सोडायची? केंद्राध्यक्ष अर्थातच घारे बाई. त्यांनी इतक्या निवडणुकांची ड्युटी केलीय की घरी भाजी कुठली करायची हेही त्या गुप्त मतदानाने ठरवत असतील.

बाईंचं मत, सोडा. माझंही मत सोडा. मी भाषांतराने थकलो होतो. मामांचं मत, धरा, कारण तो घोडा पुढच्या रविवारी कसा उठतो ते त्यांना बघायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "मी चहात हाय, मला नका धरू."

राहिले भोईर सर.

"मालिका पुढे बघायची असेल तर हात वर," बाई म्हणाल्या.

सरांनी डावा हात वर केला. मामा खूश.

"सोडायची असेल तर हात वर."

सरांनी डावा हात पुन्हा वर केला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आतून वहिनींचा आवाज आला, "त्यांचा व्यायाम चाललाय. दिवसातून धा येळा चांगला हातबी वर करायचा सांगितलाय."

बाईंनी गंभीरपणे जाहीर केलं, "दोन्हीकडे खूण. मत बाद. दोन विरुद्ध एक, मालिका सोडण्यात येत आहे."

भोईर सरांनी वर गेलेला हात खाली आणला तो थेट माझ्या मांडीवरच्या रिमोटवर. रिमोट ओढून घेतला, नीट बघून एक बटण दाबलं आणि चौथा भाग सुरू केला.

बाई म्हणाल्या, "बूथ कॅप्चरिंग!" पण उठल्या नाहीत.

* * *

चौथ्या भागात फौजदार आला. आणि शेजारच्या मालतीताईही आल्या, पातेलं परत करायला. खिडक्या उघड्या होत्या. गेले तीन रविवार आवाज त्यांच्या अंगणापर्यंत जात होता.

"सुलभा, काय लावलंय गं दर रविवारी?"

वहिनींनी पातेलं घेतलं. आत तबेलेवाला फौजदाराचं स्वागत करत होता.

"इंग्रजी हाय," वहिनी म्हणाल्या. "सर शिकवतात ह्यांना. बोलायला यावं म्हनून."

पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला मालतीताई सुनेला घेऊन दारात हजर. सून प्रियांका, नुकतंच लग्न झालेली, डोक्यावर पदर, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारी.

"सर, हिलाबी बसू द्या," मालतीताई म्हणाल्या. "हिचं इंग्रजी जरा कच्चं हाय. तुमच्या इथं ऐकून ऐकून सुधारंल."

नाही कसं म्हणणार? सून कोपऱ्यात बसली. मालतीताई तिच्या शेजारी बसल्या. मी रिमोट हातात धरून घाम पुसत होतो. बाईंनी वही उलटी करून मांडीवर ठेवली. मामा छताकडे बघू लागले. पडद्यावर आदल्या रविवारचं चित्र थांबलेलं होतं, तबेलेवाला तोंड उघडून.

मी म्हणालो, "आज जरा अवघड धडा आहे. पुढच्या वेळी बसवू हिला."

प्रियांकाने पडद्याकडे एक नजर टाकली. सासूकडे बघितलं. मग खाली मान घालून, अगदी हळू म्हणाली, "सर, मी पाह्यलीय ही. दोनदा. आता चांगली होत जाते."

* * *

पण सगळंच चांगलं होत गेलं नाही. म्हणजे मालिका होत गेली. भोईर सर नाहीत.

कर्जतहून एक बाई दर बुधवारी त्यांचं बोलणं सुधारायला यायच्या. चित्रांची कार्डं दाखवायच्या. घर, गाय, चेंडू. चेंडूचं कार्ड आलं त्या दिवशी सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तीस वर्षं ज्याने पोरांना चेंडू फेकायला शिकवलं, त्याला "हे काय आहे?" विचारलं होतं. त्यानंतर त्यांनी कार्डांकडे बघायचंच सोडलं. हात वर करायचा व्यायामही बंद. आमच्याकडेही बघेनात.

मालिकेच्या सहाव्या रविवारी मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"सर, एक बोलू?" त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून ह्यांना सांगत आले, जरा हळू बोला. लोक ऐकतात. माझ्या माहेरी गेले तरी तेच, हळू बोला." गॅस बारीक केला. "आता कुकरची शिट्टी झाली तरी वाटतं, ह्यांनी हाक मारली. धावत बाहेर जाते मी."

मी कप विसळू लागलो. त्यांनी तो हातातून काढून घेतला.

परत जाताना पळसदरी स्टेशनवर मी म्हणालो, "बंद करू या का हे? बिचाऱ्यांना उगाच त्रास."

मामा म्हणाले, "सर, आपल्या तोंडाकडं ते बघत नायत. कार्डाकडं बघत नायत. त्या टीवीकडं तरी बघतात. ऱ्हाऊ द्या."

राहू दिलं.

* * *

मालिकेचा सातवा रविवार. साडेअकरा वाजले असतील. फौजदार तबेल्याच्या बंद दारासमोर उभा होता. आत कोण आहे हे पहिल्या भागापासून कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दाराआडून नुसता खोकला ऐकू यायचा. बाई खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. मामा चक्क माणसांकडे बघत होते. मी भाषांतर थांबवलं होतं, कारण कुणी बोलतच नव्हतं. भोईर सर पुढे वाकले होते. फौजदाराने कडीला हात घातला.

आणि लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. काळ्या पडद्यात आम्ही चौघं दिसत होतो.

मग खोलीत एक वाक्य ऐकू आलं. पूर्ण वाक्य, खणखणीत, भोईर सरांच्या जुन्या आवाजात. सात शब्द होते. त्यातला 'लाईट' एवढाच छापण्यासारखा.

कुणी हललं नाही. बाहेर झाडावरचे कावळे मात्र उडाले.

सुलभावहिनी आतून आल्या. दोन्ही हात पिठाने भरलेले.

"काय म्हनालात?"

सर स्वतःच दचकले होते. त्यांनी वहिनींकडे बघितलं, तोंड उघडलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. शब्द इकडचा तिकडे नाही.

"पुन्ना म्हना," वहिनी म्हणाल्या.

सरांनी तिसऱ्यांदा म्हटलं. यावेळी जरा सावकाश, नवीन पोराला कवायत शिकवताना सांगायचे तसं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घारे बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या, बराच वेळ. निरगुडे मामा उठले, सरांच्या खुर्चीशी गेले आणि त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मी रिमोट धरून बसलो होतो, टीव्ही बंद असताना.

वहिनी आत पळाल्या. साखरेचा डबा काढला आणि तशाच पिठाच्या हातांनी, अनवाणी, अंगणात धावल्या. कुंपणापलीकडे मालतीताई वाल निवडत होत्या.

"काय गं, काय झालं?" मालतीताई घाबरून उठल्या.

"हे बोलले!"

"आगं बाई! काय बोलले?"

सुलभावहिनींना मी वीस वर्षं ओळखतो. अंगणात कुत्रा शिरला तरी त्या त्याला "जा रं बाबा" म्हणतात. त्या कुंपणाशी उभ्या राहिल्या, हातात साखरेची चिमूट, आणि सातही शब्द त्यांनी क्रमाने, मोठ्याने, एकही न गाळता सांगितले.

मालतीताईंनी साखर तोंडात टाकली.

"गोड झालं गं," म्हणाल्या.