हिंदी बोलेल तो बाद

आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पास होऊन बाहेर पडलेला पहिला माणूस मी. हे मी त्या काळात इतक्यांदा बोलून दाखवायचो की आई म्हणायची, "एक पाटी करून गळ्यात घाल ना, तोंडाले आराम भेटन."

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हाची ही गोष्ट. जुन्या इमारतींवर रातोरात नव्या पाट्या लागल्या. साहेब आले, साहेबांमागून कॉम्प्युटर आले, आणि कॉम्प्युटरपुढे बसायला आमच्यासारखे पदवीधर. मीही एका खात्यात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलो. दिवसभर हिंदी पत्रं टाइप करायची, हे काम. पण पाऱ्यातून, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातून, मी असा चालायचो की राज्याची फाइल माझ्याच टेबलावर अडली आहे.

पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायची ठरली होती. म्हणून सदर बाजारात गेलो. साडीच्या दुकानाआधी टीव्हीचं दुकान लागलं, आणि तिथे एका टीव्हीवर गेम चालू होता. जपानी कार्टूनमधली मारामारी. तेच कार्टून, जे संध्याकाळी हिंदीत लागायचं आणि ज्याच्यासाठी पाऱ्यातली पोरं हातातली बॅट टाकून घरी पळायची. उभ्या केसांचे पैलवान हवेत उडायचे, ओरडून ओरडून अंगात ताकद गोळा करायचे आणि मग तळहातातून आगीचा गोळा सोडायचे. दुकानदारानं गेमचा रिमोट माझ्या हातात दिला. साडी तिथेच गेली.

घरी आल्यावर मी सांगितलं, "हे पण एक प्रकारचं कॉम्प्युटरच आहे."

आईनं खोक्यातल्या वायरी उचलून पाहिल्या. "अन् हे नेसू कसं?"

आमच्या पाऱ्यात मराठी लोकांचा एक लहानसा गणपती बसायचा. मंडळात दोन तऱ्हेची घरं. एक, भोसल्यांच्या काळापासून इथे असलेली: वकील, डॉक्टर, सराफ. दुसरी आमच्यासारखी, विदर्भातून रेल्वेच्या नोकरीमागे आलेली. भांडण कधीच नव्हतं. ते माईकजवळ बसायचे आणि आम्ही सतरंजीच्या टोकाला, एवढंच. बाबा रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे मदतनीस. मांडव घालायला, मूर्ती उचलायला, सतरंज्या झटकायला तेच पहिले. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी वकीलकाका माईकवर बक्षिसांची नावं पुकारायचे, पुढच्या खुर्च्यांतून कुणी ना कुणी उठायचं, आणि बाबा मागून अशा टाळ्या वाजवायचे की कप जणू आमच्याच घरी चालला आहे. आमचं आडनाव त्या माईकवर कधी आलं नव्हतं. ते एकदा यावं, बाबा मागे बसलेले असताना यावं, असं मला फार वाटायचं. त्या वर्षी तर दुसरं काही सुचतच नव्हतं.

पण यावं कसं? गाण्यात माझा आवाज फाटका. भाषणात वकिलांच्या घरच्यांपुढे कोण टिकणार? रांगोळी बायकांची. तेव्हा मी नवी स्पर्धाच काढली. मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि कपाटातल्या जुन्या दिवाळी अंकांतून गोळा केलेलं सगळं मराठी एका दमात ओतलं. "नवी पिढी मंडळापासून दुरावत आहे. जी येते, ती हिंदीत उत्तर देते. आपण त्यांच्या आवडीच्या खेळाची स्पर्धा ठेवू. मात्र अट एकच. खेळताना हिंदी बोलेल तो बाद."

वकीलकाका खूश झाले. "पाहा, शिकलेला मुलगा असा विचार करतो," ते म्हणाले. मी पाय जमिनीवर आहेत की नाही ते पाहिलं.

घरी बाबांनी विचारलं, "तू बी खेळून राहिला का?"

"हव."

"लेकराइसंग?"

"वयाची अट नाही ना ठेवली."

अटी ठेवणारा मीच होतो. शिवाय गेम माझा, रिमोट माझे, आणि पाऱ्यात दुसऱ्या कुणाकडे तो नसल्यानं सराव करणाराही मी एकटाच. एवढी चोख तयारी मी बी.ए.च्या परीक्षेला केली नव्हती.

स्पर्धेच्या संध्याकाळी बाबांनी आणि मी घरचा टीव्ही सायकलरिक्षात घालून मांडवात नेला. पोरं खरोखरच जमली, कधी नव्हे ती इतकी. पहिला डाव सुरू झाला आणि एक जण ओरडला, "अरे यार, छोड़ ना!" बाद. दुसरा त्याला हसला, "ले, गया!" तोही बाद. कुणी "धत् तेरे की" म्हणून गेला, कुणी "मम्मी, देखो" म्हणून. वकीलकाका निकाल देताना मान अशी हलवायचे की कोर्टातही ते कधी इतके गंभीर दिसले नसतील. मग पोरं शहाणी झाली. त्यांनी बोलणंच सोडलं. मराठी वाढवायला काढलेल्या स्पर्धेत कुणी चकार शब्द काढेना. मांडव शोकसभेसारखा झाला, आणि त्यात फक्त टीव्हीतले पैलवान बोंबलत होते.

पहिल्या रांगेतल्या सराफांच्या आजींनी मला जवळ बोलावलं. "अरे, हे जे ओरडताहेत ते कोणत्या भाषेत?"

"जपानी, आजी."

"मग यांना का नाही बाद करत?"

मागून आलेलं हसू बाबांचं होतं, हे मी न वळता ओळखलं.

मी मात्र गप्प राहणाऱ्यांतला नव्हतो. शिकलेला माणूस कसा खेळतो ते दिसायला नको? मी खेळता खेळता शुद्ध मराठीत वर्णनही करायचो. "आता मी प्रतिहल्ला करीत आहे." "शत्रूची शक्ती क्षीण झाली आहे." समोर सातवी-आठवीतलं पोरगं, आणि मी त्याची शक्ती क्षीण करून राहिलो. अशा तऱ्हेनं मी शेवटच्या सामन्यात पोचलो.

समोर आली डॉक्टरांची नात. त्यांचं घर तेलीबांध्याकडे नव्या कॉलनीत गेलं होतं, पण गणपतीला ते सगळे पाऱ्यातच यायचे. दोन वेण्या, तोंडात चॉकलेट. संध्याकाळभर ती एक शब्द बोलली नव्हती. पहिला डाव मी घेतला. दुसरा तिनं घेतला, तोही इतक्या पटकन की माझं वर्णन "आता मी" वरच अडकलं. आता तिसरा.

तिचा पैलवान माझ्या पैलवानाला हवेत धरून आपटत होता. माझी ताकद दाखवणारी पट्टी संपत आलेली. वर्णन केव्हा बंद पडलं, माझं मलाच कळलं नाही. मी बटण दाबून धरलं, पैलवान ओरडला, केस आणखी उभे झाले, तो थरथरला आणि गोळा सुटला. सगळा पडदा पांढरा झाला. तो निवळला तेव्हा तिचा पैलवान आडवा पडला होता.

मी उडालो. मांडवाच्या टोकाकडे वळलो, जिथे बाबा सतरंजीवर बसले होते, आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "बाबा, जीत गए! हम जीत गए!"

डॉक्टरांच्या नातीनं चॉकलेट गालात सरकवलं आणि त्या संध्याकाळचं पहिलं वाक्य बोलली.

"दादा, तुम्ही हिंदी बोलले."

मी वकीलकाकांकडे धावलो. "लेकिन काका, खेल तो खतम हो गया था!"

काकांनी चष्मा काढला. "निकाल जाहीर होईपर्यंत खेळ चालू असतो. आणि आता दुसऱ्यांदा बोललास."

त्यांनी माईक उचलला. नावं देताना मी माझ्या नावापुढे हळूच 'बी.ए.' जोडायला सांगितलं होतं, आणि काका जे सांगितलं ते तसंच वाचणारे. माईकवर आधी आमचं आडनाव आलं. मग माझं नाव, मग बाबांचं, मग बी.ए. "यांना, त्यांनी स्वतःच केलेल्या नियमानुसार, बाद करण्यात येत आहे."

पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या की विचारू नका. पण मी मागे पाहिलं तर बाबा उभे होते. आडनाव ऐकल्याबरोबर, हजेरीला उठावं तसे ते उठले होते, आणि पुढचं सगळं त्यांनी हात जोडून ऐकून घेतलं होतं. आता बसावं की उभंच राहावं, हे त्यांना कळेना. सारी माणसं त्यांच्याकडे पाहत होती. वकीलकाकाही क्षणभर गोंधळले.

"उठलाच आहात, तर या पुढे," ते शेवटी माईकवरच म्हणाले. "कप तुमच्याच हातून देऊ."

बाबा सतरंजीच्या टोकापासून चालत माईकपर्यंत आले. वाटेत वाकडी पडलेली एक खुर्ची त्यांनी सवयीनं सरळ केली. कप उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि पोरीच्या हातात दिला. "घे वं माय. लय चांगली खेळली."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. शिकलेला माणूस, काय करणार.

परतताना टीव्ही रिक्षात मधोमध, एका बाजूला बाबा, एका बाजूला मी. मी तोंड पाडून बसलो होतो.

"बाबा, मले बाद केलं."

"आयकलं ना मी. माईकवर होतं." ते टीव्हीवर हात ठेवून पुढे पाहत होते. "बुद्धू आहेस. आपलाच नियम, अन् आपणच मोडला."

घराशी रिक्षा थांबली. शेजारचे काका ओट्यावर बसले होते. ते काही विचारायच्या आतच बाबा म्हणाले, "पोट्ट्याचं नाव पुकारलं आज माईकवर. आडनावासकट."

"काहून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरी गुंडाळत होतो.

"बी.ए. आहे ना तो," बाबा म्हणाले, आणि टीव्हीची एक बाजू उचलली.